बंदरावर उतरणारा माणूस : मार्सेय शहरातले तीन दिवस



संयोजकांनी या वेळी आमच्याकडे प्रवासाचा विषय सोपवला. भूमध्य समुद्राच्या काठचं एखादं शहर घ्या, तिथे काय पाहावं, काय करावं ते सांगा, आणि त्याच ओघात इतिहासही येऊ द्या, असा त्यांचा आग्रह. आता आम्ही पडलो आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं. आमच्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे काय असतं, ते आमच्या घरच्यांना विचारा! तरी प्रयत्न करू.

शहर निवडलं आहे मार्सेय. नाव ओळखीचं वाटलं नसेल तर 'मार्सेलिस' म्हणतो. सावरकरांच्या चरित्रामुळे मराठी घरांत हे नाव शाळेच्या वयापासून पोहोचलेलं असतं. तिथली माणसं मात्र मार्सेय म्हणतात. आमची एक पुतणी तिथे शिकायला गेली आणि पुढे नोकरीनिमित्त राहिली. तिच्याकडे आम्ही उभयता गेलो होतो. तीन दिवस तिने आम्हाला पायी, बसने आणि बोटीने फिरवलं. आज त्याच क्रमाने बोलू.

मात्र फिरताना एक प्रश्न बरोबर ठेवू. बंदराचं शहर म्हणजे जिथे जहाजातून अनोळखी माणसं उतरतात ते शहर. अशा माणसाला शहराने काय म्हणावं? ये म्हणावं, थांब म्हणावं, की परत जा म्हणावं? मार्सेयला हा प्रश्न सव्वीसशे वर्षं पडतो आहे. तिथली बरीचशी प्रेक्षणीय स्थळं म्हणजे त्या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरं आहेत, असं आम्हाला फिरता फिरता वाटू लागलं.

पहिल्या दिवशी सकाळी जुन्या बंदरावर जावं, आणि लवकर जावं. धक्क्यावर कोळी लोक रात्रीची मासळी मांडून बसतात आणि दुपारपर्यंत सगळं आटोपतं. शेजारीच नॉर्मन फॉस्टर या वास्तुशिल्पकाराने २०१३ मध्ये उभारलेलं चकचकीत पोलादाचं मोठं छत आहे. त्याच्याखाली उभं राहून वर पाहिलं की आपण उलटे टांगलेले दिसतो. आम्हीही पाहिलं. सत्तरी उलटी टांगली तरी सत्तरीच दिसते!

या धक्क्यावर इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशी उतरले. ते आले होते फोकाया नावाच्या गावाहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरून. शहराच्या जन्माची कथा जस्टिन या रोमन काळातल्या लेखकाने सांगितली आहे. त्या दिवशी तिथला स्थानिक राजा नान्नस याच्या मुलीचं, गिप्टिसचं, लग्न ठरायचं होतं. रीत अशी की मुलीने जमलेल्यांपैकी एकाला पाणी द्यायचं, आणि तो तिचा नवरा. पाहुणे म्हणून ग्रीकांनाही बोलावलं होतं. मुलीने पाणी दिलं ते प्रोटिस या परक्याला. राजाने जावयाला जागा दिली, आणि तिथे मासालिया हे शहर उभं राहिलं. स्वयंवरच म्हणा ना!

गोड कथा आहे, आणि पर्यटकांना इथपर्यंतच सांगतात. पण जस्टिन पुढेही सांगतो. नान्नस वारल्यावर त्याच्या मुलाला कुणीतरी एक गोष्ट ऐकवली. एका कुत्रीने धनगराकडे विण्यापुरती जागा मागितली, मग पिल्लं वाढवण्यापुरती मागितली, आणि पिल्लं मोठी झाल्यावर जागाच बळकावली. आपल्याकडे म्हणतात तेच, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी! त्या मुलाने ग्रीकांवर हल्ल्याचा बेत केला, पण तो फसला. म्हणजे शहराच्या जन्मकथेतच स्वागत आहे आणि स्वागताचं भयही आहे. दोन्ही खरी आहेत. एकच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बंदरापासून चालत पाच मिनिटांवर प्राचीन अवशेषांची बाग आहे. १९६७ मध्ये बाजारसंकुलासाठी पाया खणताना ग्रीक आणि रोमन काळातलं बंदर सापडलं. आज तिथे समुद्र नाही, गवत आहे. धक्क्याचे दगड मात्र जागेवर आहेत. लागूनच शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

इथे कांटला बोलावावं लागेल. इमान्युएल कांट आपलं गाव सोडून लांब कुठे गेला नाही, पण प्रवाशाच्या हक्काबद्दल सर्वांत नेमकं त्यानेच लिहिलं. १७९५ मध्ये 'चिरशांती'वरच्या छोट्या ग्रंथात तो म्हणतो की परक्याचं आतिथ्य ही दया नव्हे, तो हक्क आहे. का? तर पृथ्वी गोल आहे. सपाट आणि अमर्याद असती तर माणसं पांगत गेली असती. गोल असल्यामुळे कधी ना कधी ती एकमेकांसमोर येणारच, आणि मुळात पृथ्वीच्या कुठल्याही तुकड्यावर एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त अधिकार नाही. म्हणून आलेल्याला शत्रू समजू नये. त्याला परत पाठवता येईल, पण त्याने त्याचा नाश ओढवणार नसेल तरच.

कांट सावधही आहे. हा हक्क भेटीचा आहे, ठाण मांडून बसण्याचा नाही, असं तो बजावतो. युरोपातले व्यापारी देश परक्या भूमीत 'भेट' देतात म्हणजे ती जिंकतात, असा त्याचा आरोप आहे, आणि उदाहरण कुठलं? हिंदुस्थानचं! वखारी घालायच्या निमित्ताने सैन्य आणलं, असं तो लिहितो. पुढच्या दोन दिवसांत हे वाक्य आपल्याला पुन्हा भेटेल.

दुपारी जुन्या बंदरावरून इफ बेटाची बोट पकडावी. बेटावर सोळाव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. पुढे त्याचा तुरुंग झाला आणि अलेक्झांडर ड्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीमुळे तो जगप्रसिद्ध झाला. लोक त्या काल्पनिक कैद्याची कोठडी पाहायला येतात. आम्हाला मात्र तिथे आपल्याकडचा एक पाहुणा आठवला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचला. ड्यूररने त्याला स्वतः न पाहता, आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं ते प्रसिद्ध चित्र कोरलं. पोर्तुगालच्या राजाने गेंडा पुढे पोपकडे धाडला. १५१६ च्या सुरुवातीला जहाज या बेटांशी थांबलं, तेव्हा फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम तो पाहायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडातला गेंडाही बुडाला. राजाने पाहिला, पोपला पाठवला, चित्रकाराने अमर केला, पण साखळदंड कुणी काढला नाही. कौतुक आणि आतिथ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बरं का.

इफच्या पलीकडे फ्रिऊलची बेटं आहेत. पोहायला, भटकायला छान आहेत. तिथे १८२० च्या दशकात बांधलेलं विलगीकरणाचं इस्पितळही आहे. आता त्याबद्दल. मार्सेयला सगळा माल पूर्वेकडून यायचा आणि मालाबरोबर रोगही यायचे. म्हणून आलेल्या जहाजाला आधी थांबवून ठेवायची कडक व्यवस्था शहराने केली होती. मे १७२० मध्ये 'ग्रां-सेंत-आंत्वान' नावाचं जहाज सीरियाच्या किनाऱ्यावरून कापड आणि कापूस घेऊन आलं. वाटेतच जहाजावर माणसं दगावली होती. पण मालात शहराच्या एका प्रमुख नगराधिकाऱ्याचा वाटा होता, आणि बोकेरची मोठी जत्रा तोंडावर होती. नियम वाकवले गेले, माल दूरच्या बेटावर न ठेवता शहरालगत उतरला, आणि त्यातलं कापड चोरवाटेने गावात गेलं. प्लेग पसरला. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं गेली. कॅप्टनला इफच्या किल्ल्यात डांबलं. कापडाच्या मालकांना मात्र त्या कोठड्यांत जावं लागलं नाही.

करोनाचा काळ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, तेव्हा जास्त सांगायला नको. थांबवणं नेहमीच अन्याय असतं असं नाही. मार्सेय मेलं ते परक्यांना आत घेतल्यामुळे नव्हे. सर्वांना लागू असलेला नियम पैसेवाल्यांसाठी वाकवल्यामुळे मेलं.

दुसरा दिवस ल पानिए या जुन्या वस्तीसाठी ठेवावा. जुन्या बंदराच्या उत्तरेला चढावर अरुंद गल्ल्या आहेत, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे आहेत, भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. मधोमध 'व्हिएय शारिते' ही वास्तू लागते. नावाचा अर्थ जुनं दानगृह. पिएर प्युजे या शिल्पकाराच्या आराखड्याने १६७१ मध्ये बांधायला घेतलेली. मधे चौक, चौकात लंबवर्तुळाकार घुमटाचं चर्च, आणि भोवती तीन मजली कमानींच्या ओवऱ्या. गुलाबी झाक असलेला दगड सकाळच्या उन्हात इतका सुंदर दिसतो की विचारू नका. आत आता संग्रहालयं आहेत. पण बांधली कशासाठी? रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना आणि गरिबांना पकडून कोंडण्यासाठी. फूकोने ज्याला मोठा बंदिवास म्हटलं, त्याचं हे दगडी रूप. बाहेरच्या तोंडाला भिंती, खिडक्या सगळ्या आतल्या चौकाकडे. सौ. म्हणाल्या, "दान देणाऱ्याने दार बाहेरून लावलं तर त्याला काय म्हणायचं?" आमच्या पुस्तकांपेक्षा हे बरं.

तिथून उतरत समुद्राकडे आलं की सँ-झाँचा किल्ला आणि त्याला हवेतल्या पुलाने जोडलेलं म्यूसेम हे भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय दिसतं. ते २०१३ मध्ये उघडलं. काँक्रीटची जाळी आहे, तिच्यातून ऊन गाळून येतं. गच्चीवर जायला तिकीट लागत नाही, तेव्हा बसून घ्यावं. उत्तरेकडे नजर टाकली की ला झोलिएतची आधुनिक गोदी दिसते. जुनं बंदर अपुरं पडलं म्हणून ती एकोणिसाव्या शतकात बांधली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि मुंबईचं मार्सेयशी थेट नातं जुळलं. लंडनला जाणारी आपली माणसं बरेचदा इथेच उतरून पॅरिसची आगगाडी पकडत. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजीही इथेच उतरले.

आणि इथेच, ८ जुलै १९१० रोजी सकाळी, 'मोरिया' बोटीवरून विनायक दामोदर सावरकर निसटले. लंडनहून त्यांना खटल्यासाठी मुंबईला नेलं जात होतं. बोटीच्या खिडकीवजा भोकातून अंग काढून त्यांनी पाण्यात उडी घेतली आणि धक्का गाठला. पुढे त्यांना फ्रेंच पोलिसाने पकडून इंग्रजांच्या माणसांच्या हवाली केलं. उडी किती मोठी, पोहणं किती लांब, यावर आपल्याकडे फार वाद घातला जातो. आम्हाला विचाराल तर प्रश्न अंतराचा नाही. त्यांच्या राजकारणाबद्दल इथे बसलेल्यांत दहा मतं असतील, तोही आजचा विषय नाही. पायाखाली फ्रान्सची जमीन आली त्या क्षणी प्रश्न बदलला, हे महत्त्वाचं. आता हा इंग्रजांचा कैदी, की फ्रान्सकडे आश्रय मागणारा परका?

फ्रान्सने निषेध नोंदवला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला. तो असा की पकडण्यात आणि सोपवण्यात काही अनियमितता झाली, पण म्हणून कैदी परत करायला ब्रिटनला भाग पाडणारा कुठला आंतरराष्ट्रीय नियम नाही. आता या वादातले पक्षकार कोण? ब्रिटन आणि फ्रान्स. ज्याच्याबद्दल वाद, तो पक्षकार नव्हता. दोन राज्यांच्या मानापमानाचा निवाडा झाला. कांटने ज्याला माणसाचा हक्क म्हटलं, त्याचा विचार करायला त्या दालनात जागाच नव्हती.

संध्याकाळी परत जुन्या बंदरावर आलो. पाण्याच्या उत्तर बाजूला एकसारख्या, दगडी, नीटनेटक्या इमारतींची रांग आहे. मागचं ल पानिए इतकं वेडंवाकडं आणि पुढची ही रांग इतकी सरळ कशी, असं आम्ही पुतणीला विचारलं. ती म्हणाली, "काका, इथलं गाव उडवून दिलं होतं." जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने, फ्रेंच पोलिसांच्या मदतीने, या वस्तीतली वीस हजारांहून जास्त माणसं बाहेर काढली. शेकडो ज्यूंची रवानगी मृत्यूच्या छावण्यांकडे झाली. मग सुरुंग लावून सुमारे १,५०० घरं जमीनदोस्त केली. परक्यांची, गुंडांची, लपलेल्यांची वस्ती असं तिला म्हटलं जायचं. वस्तीला आधी असं नाव पडतं आणि सुरुंग नंतर येतात.

त्याच्या आधीची दोन वर्षं तर अजब होती. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हिटलरपासून पळणारी माणसं मार्सेयमध्ये गोळा झाली, कारण ते तेव्हा जर्मनांच्या ताब्यात नव्हतं. पण निघायचं तर कागद हवेत. ज्या देशात जायचं त्याचा व्हिसा, वाटेतल्या देशांचा परवाना, आणि फ्रान्स सोडण्याचीही परवानगी! एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. वॉल्टर बेंजामिन हा आमच्या विषयातला मोठा माणूस या शहरात होता. त्याने आपली हस्तलिखितं इथे हॅना आरेंटच्या हाती दिली. त्याच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, फ्रान्समधून बाहेर पडण्याची परवानगी नव्हती. डोंगर ओलांडून तो स्पेनच्या हद्दीत पोहोचला, तिथे अडवला गेला, आणि सप्टेंबर १९४० मध्ये त्याने जीवन संपवलं. आरेंट पोहोचली. तिने पुढे लिहिलं त्याचा गाभा असा की हक्क असण्याचा हक्क आधी लागतो. हा विचार तिने ग्रंथालयात बसून काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सँ-शार्ल स्थानकाच्या पायऱ्या पाहाव्यात. १०४ पायऱ्यांचा भव्य जिना, आणि पायथ्याशी आशियातल्या व आफ्रिकेतल्या वसाहतींचे पुतळे, स्त्रियांच्या रूपात, पहुडलेले. पूर्वेचं प्रवेशद्वार म्हणून मिरवणाऱ्या शहराने पूर्व अशी दाखवली. कांटचं ते वाक्य इथे दगडात दिसतं.

मग बसने दक्षिणेला माझार्गला जावं. पर्यटक इथे क्वचित येतात, आपण जरूर जावं. २६ सप्टेंबर १९१४ रोजी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन मार्सेयला उतरू लागली. लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून जयजयकार केला, फुलं दिली. चार वर्षांपूर्वी एकटा हिंदी माणूस याच बंदरात उतरला तेव्हा त्याला परत बोटीवर नेलं, आणि आता हजारो उतरले तेव्हा फुलं मिळाली. कारण ते मरायला आले होते. माझार्गच्या युद्धस्मशानात शीख, गुरखा, पठाण, गढवाली नावं आहेत. मागच्या बाजूला दहन झालेल्या दोनशेहून अधिक जणांचं स्मारक आहे. गवत नीट कापलेलं, फुलझाडं टवटवीत. इतकी व्यवस्था जिवंत माणसाची कुठल्या सीमेवर होते?

दुपारी पोटपूजा करावी. मासे खाणाऱ्यांसाठी बुयाबेस आहेच. आम्ही शाकाहारी मंडळी पानिसवर खूश होतो. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं थापून, वड्या पाडून तळायच्या. परदेशात इतकं माहेरचं काही मिळेल असं वाटलं नव्हतं, असं सौ. म्हणाल्या. नोआयच्या बाजारातही फिरावं. अल्जीरिया, ट्युनिशिया, कोमोरो बेटं, अशी अर्धी भूमध्य आणि अर्धी आफ्रिका तिथे मसाले विकत बसलेली असते.

शेवटी टेकडीवरचं नोत्रदाम द ला गार्द. सुमारे दीडशे मीटर उंचीवर १८६४ मध्ये अभिषेक झालेलं हे चर्च, आणि वर सोनेरी मूर्ती. लोक तिला 'चांगली आई' म्हणतात. आत छताला छोट्या छोट्या होड्या टांगल्या आहेत, भिंतींवर नवसाच्या संगमरवरी पाट्या आहेत. वादळातून परत आलेल्या खलाशांनी लावलेल्या. या सगळ्या शहरात परतण्याबद्दल बोलणारी ही एकच जागा आम्हाला दिसली.

तिथे कठड्याशी पुतणी गप्प उभी होती. तिच्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. आदल्या वर्षी तिचे वडील, आमचे धाकटे बंधू, अचानक गेले. तेव्हा तिचा राहण्याचा परवाना बदलून मिळायचा होता. तिच्या हातातला कागद तिला तिथे राहू देत होता, पण देशाबाहेर पडली तर परत आत घेतील याची हमी देत नव्हता. एका कार्यालयात ती तीन दिवस चकरा मारत होती. कुणी तिला वाईट बोललं नाही, कुणी हाकलून दिलं नाही. तारीख मात्र मिळाली नाही. इकडे थांबता येईना. अग्नी दिला तेव्हा तिने तो फोनवर पाहिला. आम्हीच फोन धरला होता.

तिने होड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "काका, ही माणसं परत आली म्हणून पाटी लावली. मी गेलेच नाही, मी काय लावू?" आम्ही चाळीस वर्षं प्रश्नांची उत्तरं देण्याचा पगार घेतला. त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

एवढं मात्र म्हणता येतं. 'थांब' म्हणण्याचा अधिकार शहराला आहे, १७२० चा प्लेग त्याची साक्ष आहे. पण ते म्हणताना तीन गोष्टी सांभाळायला हव्यात. नियम सर्वांना सारखा हवा. ज्याला थांबवलं त्याला कारण विचारता यायला हवं, आणि त्याचं म्हणणं ऐकणारं कुणी हवं. आणि थांबवण्याने त्याचं जे मोडेल ते परत न जोडता येणारं नसावं. कांटने 'नाश' म्हटलं तेव्हा त्याच्या मनात जीव जाणं असेल. आम्ही त्यात बापाचं शेवटचं दर्शनही धरतो.

मार्सेयला जाल तेव्हा छताखाली उलटे उभे राहा, पानिस खा, बोटीत बसा. आणि जुन्या बंदराच्या धक्क्यावर पाच मिनिटं पाण्याकडे पाठ करून शहराकडे पाहा, आत्ताच उतरलेल्या माणसासारखं. मग घरी परतल्यावर तसंच मुंबईकडे, पुण्याकडे पाहा. आपल्या स्थानकावर रोज उतरणाऱ्याला आपण काय म्हणतो, हा प्रश्न आम्ही तुमच्याकडे सोपवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.